बांध सोडून बांधा, पण खूण ठेवून

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज सकाळपासून या मांडवात भावाची चर्चा झाली, वीजबिलाची झाली, कर्जाची झाली. मला दिलेला विषय त्यामानाने लहान वाटेल. शेतात घर, गोठा, कांदाचाळ बांधायची तर शेजाऱ्याच्या बांधापासून किती अंतर सोडायचे आणि का सोडायचे, एवढाच तो विषय आहे.

विषय लहान असेल, पण त्याची किंमत लहान नाही. तालुक्याच्या कोर्टात तारखेच्या दिवशी जाऊन बसा. बाकावर समोरासमोर कोण बसलेले दिसते? सख्खे भाऊ, चुलतभाऊ, शेजारी. भांडण कशाचे? हातभर जागेचे, पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याचे, बंद केलेल्या वाटेचे. सरकारकडे भाव मागायला आपण एका ट्रॅक्टरमध्ये बसून जातो आणि हातभर बांधासाठी एकमेकांवर दावे लावतो. ज्या गावात बांधाबांधावर भांडणे आहेत, त्या गावात संघटनेची शाखा नीट चालत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून हा विषय मेळाव्याचाच आहे.

बांध हलतो, हद्द हलत नाही

आपली बहुतेक भांडणे एका गैरसमजातून निघतात. आपण बांधालाच हद्द समजतो. हद्द ही नकाशावरची रेष आहे. बांध हा मातीचा आहे.

आपल्याकडची शास्त्रशुद्ध मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी ती बसवली. तेहतीस फुटांची साखळी, त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप आजही आपल्या तोंडात आहे. त्या मोजणीत सर्वे नंबरच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले. पुढे वाटण्या झाल्या. कित्येक वाटण्या तोंडीच झाल्या. ‘विहिरीपासून आंब्यापर्यंत तुझे, आंब्यापासून नाल्यापर्यंत माझे.’ आंबा वठला, विहीर बुजली, नाल्याने वळण बदलले.

दगडही सगळीकडे राहिले नाहीत आणि बांध तर दरवर्षी कोरला जातो. हिशेब करून पाहा. नांगराच्या तासाने वर्षाला तीन इंच बांध सरकला तर वीस वर्षांत पाच फूट होतात. बांधाची लांबी तीनशे तीस फूट धरली तर दीड गुंठा जमीन इकडची तिकडे गेली. कोणी चोरी केली असेही नाही, कोणाच्या लक्षातही आले नाही.

नांगरटीत झालेली ही चूक पुढच्या पावसाळ्यात दुरुस्त करता येते. पण त्याच सरकलेल्या बांधापासून माप धरून तुम्ही जोते घातले, भिंत उठवली, स्लॅब टाकला, तर मग काय? भिंत नांगराने मागे घेता येत नाही. ‘मोजणी आधी, जोते नंतर’ असा आग्रह मी धरतो, तो यासाठी.

सात-बारा उतारा तुमचे क्षेत्र किती ते सांगतो, ते कोठे आहे हे सांगत नाही. ते सांगतो मोजणीचा नकाशा. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करा, फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्या, त्यांच्यासमोर मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत हातात ठेवा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा मार्ग आहे. घराला पाच-दहा लाख घालणारा माणूस मोजणीची फी वाचवतो आणि नंतर तीच रक्कम कित्येक पटीने वकिलाला देतो.

अंतर कशासाठी?

नियम पुस्तकात आहे म्हणून अंतर सोडा, असे मी सांगणार नाही. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. अंतराचे कारण मातीत, पाण्यात आणि उन्हात आहे.

पहिले कारण सावली. आपल्या भागात डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारी बारा फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला सुमारे अकरा फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. शेजाऱ्याचा गहू-हरभरा नेमका तेव्हाच उभा असतो. भिंत बांधाला चिकटवली तर त्याच्या चार-पाच ओळी हिवाळाभर सावलीत राहतील. त्याचा राग तुमच्या भिंतीवर नाही, त्याच्या बुडालेल्या पायलीवर आहे.

दुसरे कारण पाणी. वळचणीचे पाणी आपल्याच जमिनीत पडले पाहिजे. पत्रा बांधाच्या पलीकडे गेला की पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या पेरणीत चर पडतो. उलट बाजूही पाहा. काळ्या जमिनीची माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेजाऱ्याने बांधालगत ऊस लावला आणि पाटाने पाणी दिले की तुमच्या पायाखालची माती एका अंगाने फुगते. भिंतीला तडा गेला की दोष गवंड्याला मिळतो. खरा दोष अंतराचा असतो.

तिसरे कारण आग आणि औषध. कडब्याची गंज बांधाला लावलेली, पलीकडे उसाचे पाचट पेटवलेले आणि वाऱ्याने दिशा बदललेली. पुढचे सांगायला नको. तसेच फवारणीचे. खिडकी बांधावर उघडत असेल तर शेजाऱ्याने मारलेल्या औषधाचा फवारा घरातल्या पाळण्यापर्यंत येतो.

चौथे कारण गोठा. शेणखताचा खड्डा आणि गोमूत्राची मोरी शेजाऱ्याच्या विहिरीजवळ असेल तर ते पाणी झिरपून विहिरीत उतरते. गोठा आणि उकिरडा कोणाच्याही पिण्याच्या पाण्यापासून निदान पन्नास फूट दूर ठेवा. जमीन मुरमाड असेल तर त्याहून जास्त.

आणि पाचवे कारण वारा. कांदाचाळीला दोन्ही अंगांनी हवा खेळती लागते. बांधाला किंवा दुसऱ्या भिंतीला चिकटवलेली चाळ म्हणजे कांदा सडवण्याची सोय. इथे अंतर शेजाऱ्यासाठी नाही, तुमच्याच मालासाठी आहे.

कायदा काय म्हणतो?

जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या व्याख्येत शेतघर आहे. अवजारे, खत, चारा, धान्य ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, शेतकऱ्याच्या कुटुंबाचे राहणे, हे सगळे त्यात येते. हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी याच कायद्याने जमीनधारकावर टाकली आहे. दगड उपटणे हा गुन्हा आहे, मग तो दगड तुमच्या बांधावर असला तरी.

बांधकामाचे अंतर ठरवणारे नियम वेगळे. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबईसारखी काही क्षेत्रे सोडून राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. पुढून, बाजूने आणि मागून सोडायच्या जागेला तिथे सामासिक अंतर म्हणतात. भूखंड केवढा, इमारत किती उंच, समोरचा रस्ता किती रुंद, यावर ते ठरते. गावठाणासारख्या दाट वस्तीला वेगळे नियम आहेत. छोट्या घरांसाठी परवानगीची पायरी सोपी केली गेली, हे खरे. पण परवानगी सोपी झाली म्हणजे अंतर माफ झाले असे नव्हे.

सरकारी नियमाबद्दल आपली तक्रारही स्पष्ट मांडली पाहिजे. समजा कोणाकडे एकच गुंठा आहे, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. पुढून दहा फूट आणि उरलेल्या तीन बाजूंनी पाच-पाच फूट सोडायला सांगितले तर घराला तेवीस बाय अठरा, म्हणजे चारशे चौदा चौरस फूट उरतात. एक हजार एकोणनव्वदपैकी चारशे चौदा! एकरवाल्याला जो नियम हवापाण्याचा वाटतो, तो गुंठेवाल्याला घरावरचा कर वाटतो. नियम करणाऱ्याने हातात टेप घेऊन एकदा त्या गुंठ्यात उभे राहावे.

सोडलेली जागा कोणाची?

सोडलेली जागा तुमचीच. पण ती तुमची आहे हे दिसले पाहिजे.

भला माणूस पाच फूट सोडतो आणि आपल्या घराच्या कडेने तारेचे कुंपण घालतो. पाच फूट कुंपणाबाहेर राहतात. शेजारी तिथे आधी गवत कापतो, मग तूर लावतो, मग जनावरे बांधतो. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. दुसऱ्याची जमीन कोणी उघडपणे, आपली म्हणून, सलग बारा वर्षे ताब्यात ठेवली आणि मालक गप्प राहिला, तर मालकाचा दाव्याचा हक्क जातो.

उजेड-वाऱ्याचेही तसेच. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. शेजाऱ्याच्या खिडकीला तुमच्या जागेवरून वीस वर्षे विनाअडथळा उजेड-वारा मिळाला, तर तो त्याचा हक्क होऊ शकतो. उद्या तुमच्याच जागेत बांधायला तुम्हाला अडचण येईल.

म्हणून अंतर सोडा, पण हद्दीवर खूण ठेवा. कुंपण घालायचे तर हद्दीवर. शेजाऱ्याला ती जागा वापरू द्यायची असेल तर जरूर द्या, मात्र चार ओळींचे लेखी करा: जागा अमक्याची, वापर संमतीने. संमतीने दिलेला वापर हा कब्जा ठरत नाही. गोडी असतानाच कागद करायचा असतो, भांडण झाल्यावर कोणी सही करत नाही.

वाटेचेही लक्षात ठेवा. बांधकाम करताना दुसऱ्याची वहिवाटीची वाट अडवू नका. तुमची कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम पाचखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावे लागते. नवीन वाट बांधावरून हवी असेल तर महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. २०२५ च्या मे महिन्यात शासनाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कात व्हावी असा निर्णय काढला. बैलगाडीच्या काळातली वाट ट्रॅक्टर-हार्वेस्टरला पुरत नाही. आज भिंत बांधताना उद्याचे यंत्र डोळ्यासमोर ठेवा.

सडकेचे अंतर

शेजाऱ्यासाठी सोडलेल्या अंतराचा फायदा तुम्हालाही मिळतो, कारण तोही तुमच्यासाठी सोडतो. सडकेचे तसे नाही.

मुंबई महामार्ग अधिनियम १९५५ ने सरकारला इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरवण्याचा अधिकार दिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकात मोकळ्या मुलखातील राष्ट्रीय व राज्य महामार्गाला सडकेच्या मध्यापासून इमारत रेषा चाळीस मीटर आणि नियंत्रण रेषा पंच्याहत्तर मीटर धरली आहे. महामार्गाची संपादित जमीन मध्यापासून तीस मीटर असेल आणि तुमच्या शेताची शंभर मीटर बाजू सडकेला लागत असेल, तर दहा मीटरच्या पट्ट्यात बांधकाम बंद आणि पुढच्या पस्तीस मीटरमध्ये बंधने. दोन्ही मिळून पंचेचाळीस आर, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे.

ही जमीन संपादित झालेली नाही. ती सात-बारावर तुमच्याच नावाने आहे. सडक सुरक्षित राहावी, उद्या रुंद करता यावी, हा हेतू योग्य आहे. रस्त्याला चिकटून घर बांधू नका, हे मीही सांगतो. पण सगळ्यांच्या सोयीसाठी एकाने आपला हक्क आखडता घ्यायचा असेल, तर त्याची भरपाई सगळ्यांनी द्यायला नको का? एवढाच आपला प्रश्न आहे.

गावी गेल्यावर

प्रत्येक शाखेने या उन्हाळ्यात तीन कामे करावीत. ज्यांना बांधकाम काढायचे आहे त्यांची यादी करून मोजणीचे अर्ज एकत्र द्यावेत. लगतच्या दोघांना समोरासमोर बसवून अंतर, पाणी आणि वाट यांचा कागद करून द्यावा. आणि सडकेलगतच्या शेतकऱ्यांची किती जमीन रेषांत अडकली आहे ते गटवार लिहून जिल्हा कार्यालयात पाठवावे. भरपाईची मागणी घेऊन जायचे तर आकडे आपल्या हातात हवेत.

पहिली दोन कामे करायला सरकार लागत नाही. मोजणीदार येईल तेव्हा शेजाऱ्याला स्वतः जाऊन बोलवा, नोटिशीवर सोडू नका. चहा तुमच्याकडे ठेवा.