रेबीज : औषध नाही, पण बचाव आपल्या हाती

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे आज मी कुत्र्यांच्या विरोधात बोलायला उभा नाही. मी डॉक्टरही नाही. पशुपालन खात्यातला पदविकाधारक कर्मचारी आहे. सरदारपूरच्या आसपासच्या गोठ्यांतून फिरताना जे सांगावे लागते, तेच आज इथे सांगतो.

हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे. ‘जलत्रास’ हा शब्दही तिथलाच. कारण आहे एक विषाणू. तो जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा तोंडावर, मानेवर किंवा हातावर असेल तर वेळ कमी मिळतो. मेंदूत पोचल्यावर घसा आखडतो, पाणी पुढे केले तरी रोगी दचकतो, आणि मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. मेंदूत पोचण्याआधीचा काळ तेवढा आपल्या हातात असतो.

“आधी रक्त तपासू, मग सुई घेऊ,” असे पुष्कळ जण म्हणतात. चावल्याबरोबर रोग शिरला की नाही हे सांगणारी तपासणी नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रोग्याची लाळ किंवा मानेमागच्या त्वचेचा तुकडा तपासतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो. जनावरात पक्के निदान होते ते मेल्यानंतर, मेंदूच्या तपासणीत. म्हणून चावलेल्या कुत्र्याला मारू नका. शक्य असेल तर 10 दिवस नजरेखाली ठेवा. विषाणू लाळेत येतो तो लक्षणांच्या थोडेच दिवस आधी. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात, आणि डॉक्टर पुढच्या सुया थांबवू शकतात. मात्र लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. दहा दिवस वाट पाहायची नाही. कुत्रा भटका असेल आणि सापडत नसेल तर सगळे डोस पुरे करायचे.

आता गोठ्यातली गोष्ट. गाय चारा गिळत नाही, तोंडातून लाळ गळते, आवाज बसला आहे. मालकाला वाटते घशात काही अडकले, आणि तो हात घालतो. ही रेबीजचीही खूण असू शकते. अशा वेळी हात घालू नका, आम्हाला बोलवा. हात आधीच घातला असेल तर साबणाने धुऊन दवाखाना गाठा. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर करायचे ते एवढेच. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा. विषाणूचे वरचे आवरण स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. हळद, तिखट, चुना लावू नका. सात विहिरींत डोकावून काही होत नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. तिथे कातडीत सुई देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत दिली तर 14 वा दिवसही येतो. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते आवर्जून विचारा.

ज्येष्ठांना पोटातल्या चौदा सुया आठवत असतील. ती लस कसौलीत सेंपल यांनी 1911 च्या सुमारास तयार केली होती. 2004 च्या अखेरीस ती आपल्या देशात बंद झाली. आताच्या लशीला घाबरण्याचे कारण नाही.

बालमित्रांनो, तुम्हाला मुद्दाम सांगतो. मार बसेल म्हणून ओरखडा लपवू नका. आणि आईवडिलांनो, सांगायला आलेल्या मुलाला रागावू नका. जगात रेबीजने दगावणाऱ्यांत सुमारे 40 टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात.

हे थांबू शकते का? गोव्याकडे पाहा. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून गावोगावी, भटक्या कुत्र्यांनाही जाळ्यात धरून लस टोचली. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. 2018 ते 2020 या तीन वर्षांत गोव्यात एकही माणूस रेबीजने गेला नाही. कुत्री मारून नव्हे, टोचून हे साधले.

आपल्या गल्लीत हे जमण्यासारखे आहे. घरच्या पिल्लाला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी लस द्या. ज्या कुत्र्याला रोज पोळी घालता तो तुमच्या हाताला येतो. त्याला टोचायच्या दिवशी धरायला तुम्हीच लागता. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास मंडळाने गल्लीतल्या कुत्र्यांची मोजदाद केली, तर पुढचे काम आमचे.

विघ्नहर्त्याने बुद्धी दिली आहे. ती वेळेवर वापरू या.

गणपती बाप्पा मोरया!