ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी लेखणी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराकडे पाहून कोणाचेंहि अंतःकरण कृतज्ञतेनें भरून यावें, हें स्वाभाविक आहे. ज्या पूर्वजांनीं येथें श्रम केले, ज्यांनीं आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून वर्गणी दिली, ज्या धर्मगुरूंनीं येथें बालकांना बाप्तिस्मा दिला आणि वृद्धांना अखेरचा निरोप दिला, त्यांचें स्मरण आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं योग्य शब्दांत केलेंच आहे. आम्हांस निराळ्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. आपली ख्रिस्ती श्रद्धा काव्यांत आणि आत्मपर निबंधांत कशी उतरते, आणि ती तशी कां उतरावी, हा तो विषय होय.

पुष्कळांस वाटतें कीं, कविता करणें अथवा आपल्या आयुष्याविषयीं लिहिणें हा फावल्या वेळचा छंद आहे. प्रार्थना, उपासना आणि परोपकार हेंच काय तें श्रद्धेचें खरें काम. आमचें मत नम्रपणें वेगळें आहे. जी श्रद्धा मनुष्याच्या स्वतःच्या भाषेंत बोलूं लागत नाहीं, ती त्याच्या घरांत पाहुण्यासारखी राहते. तिचा मान राखला जातो, तिला चांगलें आसन मिळतें, पण घरच्या सुखदुःखांत तिला कोणी विचारीत नाहीं. ती घरची व्हावयाची असेल, तर तिला घरच्या बोलींत बोलतां आलें पाहिजे.

या मताला पहिला आधार पवित्र शास्त्राचा आहे. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत, आणि त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश विलापाचीं आहेत. भीति, एकाकीपणा, शत्रूंचा जाच, देवानें मुख फिरविल्याची तक्रार, हें सारें त्यांत आहे. आणि तरीहि ख्रिस्तसभेनें हा ग्रंथ प्रार्थनेचा ग्रंथ म्हणून पिढ्यान् पिढ्या हातीं धरिला. देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरीं गेली. तेथें तिच्या मुखांतून जी स्तुति निघाली ती गीतरूपच होती, आणि ती आजहि ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेंत म्हटली जाते. याहूनहि मोठी गोष्ट कालवारीवर घडली. प्रभु येशूनें क्रूसावर जो आक्रोश केला, तो २२ व्या स्तोत्राचा आरंभ होय. मूळ स्तोत्र हिब्रू भाषेंतलें. परंतु शुभवर्तमानकारांनीं तो आक्रोश नोंदून ठेवला आहे त्यांत अरामी बोलीचे शब्द आहेत. मरणाच्या घटकेस आपल्या प्रभूच्या ओठांवर एका कवीचे शब्द आले, आणि ते घरच्या भाषेंत आले. ज्यांस काव्य हा श्रद्धेचा केवळ अलंकार वाटतो, त्यांनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा.

आतां आपल्या देशाकडे वळूं. थॉमस स्टीफन्स नांवाचे एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, तेथेंच राहिले. गोव्यांतील साष्टी प्रांतांत जे लोक नव्यानें ख्रिस्ती झाले होते, त्यांचीं पूर्वीचीं पुराणें त्यांच्या हातून गेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं गाण्यावाचण्यास कांहींच आलें नव्हतें. ही उणीव त्यांनींच धर्मगुरूंपुढें मांडली, असें खुद्द ‘ख्रिस्तपुराणां’त सांगितलें आहे. या मागणीचें उत्तर फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत दिलें. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा तो ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापला गेला. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहण्यापर्यंतची कथा आहे, आणि दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र आहे. परदेशांत जन्मलेल्या या पुरुषानें मराठी भाषेची जी थोरवी ग्रंथारंभीं गायिली, ती आजहि मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानीं पडते. लोकांनीं मागितलें आणि धर्मगुरूनें दिलें, हा या ग्रंथाच्या जन्माचा इतिहास आपण विसरूं नये.

त्याच्या जगण्याचा इतिहास तर याहूनहि बोधप्रद आहे. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ या सालीं तो पुन्हां छापला गेला. परंतु त्या तीनहि आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांच्या बोलीचा वापर बंद पाडण्यासाठीं हुकूम काढला. एवढें सारें होऊनहि ग्रंथ नाहींसा झाला नाहीं, कारण श्रद्धाळू कुटुंबांनीं त्याच्या प्रती हातानें लिहून काढल्या, जपल्या आणि गायिल्या. मंगळूर येथें जोसेफ साल्ढाना यांनीं १९०७ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हां छापविलें, तें अशाच हस्तलिखितांच्या आधारें. बंधुभगिनींनो, त्या नकला उतरून घेणाऱ्यांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत नाहींत. दिवसाचीं कामें आटोपल्यावर दिव्यापाशीं बसून ज्यांनीं एकेक ओवी उतरली, त्यांच्यामुळें आपणांस हा ठेवा मिळाला आहे.

दुसरें उदाहरण आपल्या पंथाबाहेरचें, पण आपल्याच प्रभूचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं श्रद्धेसाठीं परकी चाल उसनी घेतली नाहीं. भजन, अभंग आणि कीर्तन हीं जीं साधनें या मातीनें त्यांना दिलीं होतीं, तींच त्यांनीं ख्रिस्ताच्या चरणीं वाहिलीं. तुकोबांच्या वाणीचा सेतु ओलांडून आपण ख्रिस्तापाशीं आलों, अशी त्यांची स्वतःची भावना होती. १९१९ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच राहिलें होतें. तें पुढें नेलें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं, ज्यांना शाळेचें शिक्षण असें मिळालेंच नव्हतें.

याच लक्ष्मीबाईंनीं आत्मपर लेखनाचाहि एक नमुना आपणांपुढें ठेविला आहे. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. पति ख्रिस्ती झाल्यावर झालेली ताटातूट, लोकांचे बोल, मनांतली जातिभेदाची गांठ सुटतांना झालेली ओढाताण, आणि अखेर १९०० सालीं स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हें सारें त्यांनीं स्वयंपाकघरांत बसून शेजारणीशीं बोलावें अशा भाषेंत सांगितलें आहे. त्यांत उपदेश शोधूं गेल्यास फारसा सांपडत नाहीं. तरी पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनांत देवाच्या कृपेविषयींच विचार घोळत राहतात. प्रवचनांत देवाविषयीं सिद्धांत ऐकावयास मिळतो. आत्मपर निबंधांत तो देव एका माणसाच्या दारीं कसा आला, हें पाहावयास मिळतें. दोहोंची गरज आहे. संत ऑगस्टीन यांनीं इ. स. ४०० च्या सुमारास आपलें आत्मनिवेदन लिहिलें, तें सर्व देवाला उद्देशून लिहिलें. वाचकानें तें जणूं शेजारीं उभें राहून ऐकावें, अशी त्या ग्रंथाची धाटणी आहे. आत्मपर लेखन म्हणजे आत्मप्रौढि नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

आपल्या वसईनेंहि ही परंपरा पुढें चालविली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन अनेक वर्षें केलें, ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें, आणि हिरव्या वसईच्या रक्षणासाठीं लेखणी आणि वाणी दोन्ही झिजविल्या. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूची अशी निवड व्हावी काय, म्हणून त्या वेळीं कांहींनीं हरकत घेतली. तरी संमेलन पार पडलें आणि मराठी वाचकांनीं त्यांना आपलें मानलें. जुलै २०२४ मध्यें ते प्रभूच्या घरीं गेले. आपण ख्रिस्ती आहों म्हणून मराठींत उपरे आहों काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं वाद घालून दिलें नाहीं. जन्मभर चांगलें मराठी लिहून दिलें.

आतां आपणां स्वतःकडे पाहूं. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला वाव दिला, आणि जी मराठी आपल्या ओटीवर आणि शेतांत होती, ती वेदीपाशीं आली. परंतु याच काळांत एक दुसरें चक्रहि फिरूं लागलें. आज आपल्या घरांत नातवंडें इंग्रजी शाळेंत जातात, आणि आजीचें प्रार्थनेचें पुस्तक त्यांना अडखळल्याशिवाय वाचतां येत नाहीं. मुलें शिकलीं, कांहीं परदेशीं गेलीं, यांत आनंदच आहे. पण मृताच्या घरीं जपमाळ म्हणतांना म्हातारीं माणसें ज्या आठवणी सांगतात, लग्नांत बायका आपल्या बोलींत जीं गीतें म्हणतात, तीं कोणीं लिहून घेतलीं आहेत? एकेक वृद्ध जातो तेव्हां विश्वासाच्या इतिहासाचें एकेक पान त्याच्याबरोबर मातीआड होतें. मंदिराची भिंत खचली तर आपण तत्काळ गवंडी बोलावतों. या पडझडीकडेहि तितक्याच तत्परतेनें पाहावें, अशी आमची विनंति आहे.

येथें दोन शंका आमच्या कानीं नेहमीं येतात. ‘आमचें मराठी शुद्ध नाहीं,’ ही पहिली. परंतु फादर स्टीफन्स यांनीं ही भाषा परक्याची म्हणून शिकून घेतली, आणि लक्ष्मीबाईंनीं घरांत ऐकली तशी लिहिली. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घेतां येतें. अनुभव मात्र दुसऱ्याकडून आणतां येत नाहीं. ‘धर्माविषयीं लिहिणें हें धर्मगुरूंचें काम,’ ही दुसरी शंका. सिद्धांताच्या बाबतींत संशय आला तर धर्मगुरूंस अवश्य विचारावें. परंतु मासेमारीची होडी वादळांत सांपडली असतां किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पत्नीनें कोणती प्रार्थना केली, अथवा केळीची बाग एका रात्रींत आडवी झाली तेव्हां शेतकरी सकाळीं मिस्साला कोणत्या मनानें आला, हें त्या दोघांखेरीज कोण लिहिणार?

जे लिहूं इच्छितात, त्यांच्यासाठीं दोन चार व्यावहारिक गोष्टी सांगतों. कवितेंत प्रभूला मोठमोठीं विशेषणें देऊन चरण भरूं नये. आपली विहीर, आपली पानवेल, मिठागरांतलें ऊन, मे महिन्यांत मरियेच्या वेदीवर वाहिलेलीं आपल्या वाडीचीं फुलें, यांपैकीं एखादी वस्तु नीट पाहावी आणि तिच्यांतून जें सुचेल तेंच म्हणावें. प्रभूनेंहि बीं, खमीर, जाळें आणि दिवा याच वस्तु दृष्टांतांत घेतल्या. निबंध लिहितांना सत्य सोडूं नये. प्रार्थनेचें उत्तर मिळालें नसेल, तर मिळालें असें लिहूं नये. विलापाचीं स्तोत्रें आपल्या पाठीशीं आहेत. ओवी आणि अभंग ही आपल्या कानांत मुरलेली चाल आहे, तिची लाज धरूं नये. आणि शेजाऱ्याचें गुपित अथवा मृताचा दोष आपल्या लेखांत उघडा करूं नये, कारण प्रीति ही लेखनाच्याहि वरची आज्ञा आहे.

शेवटीं एक मागणें. महोत्सव संपेल, मांडव उतरेल. त्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या संध्याकाळीं प्रत्येक कुटुंबानें एक वही घ्यावी. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला जवळ बसवावें, नातवाच्या हातीं लेखणी द्यावी, आणि देवानें या घराला कसें सांभाळलें, तें आजीआजोबांनीं सांगावें व नातवानें मराठींत लिहावें. अक्षर वेडेंवांकडें आलें तरी चालेल. पुढच्या महोत्सवीं जे येथें जमतील, त्यांच्या हातीं या वह्या पडल्या, तर त्यांना आपल्या पूर्वजांचा विश्वास ऐकूं येईल.

वाणी देणारा देव आपणा सर्वांची वाणी सत्य आणि गोड ठेवो, आणि आपल्या धर्मग्रामावर त्याची कृपा अखंड राहो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.