तीनशे फोटोंतले बारा

आज बोलायचंय फोटोंबद्दल. काढायच्या नव्हे, निवडायच्या.

मोबाइल आल्यापासून फोटो काढायला आपण कुणी मागे नाही. पेणच्या गटांनी पोह्याचे पापड, मिरगुंडं काढली, रोह्याच्या गटांनी कडवे वाल काढले, दोन मुलींनी दुपारभर मोबाइल फिरवला आणि तीनशेवर फोटो जमले. हवे होते बारा. प्रदर्शनाच्या फ्लेक्ससाठी आणि व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांना पाठवायला. इथंच खरं काम सुरू होतं.

पहिली गोष्ट, फोटो काढले त्याच संध्याकाळी निवडायला बसू नका. जिनं उन्हात उभं राहून फोटो काढला, तिला त्या फोटोत तिचे कष्ट दिसतात. बघणाऱ्याला फक्त पापड दिसतो. म्हणून आम्ही दोन रात्री मध्ये जाऊ देतो, आणि निवडताना फोटो कुणी काढला, माल कुठल्या गटाचा, हे सांगतच नाही. नाहीतर प्रत्येकीला आपलाच वाल गोड.

पहिल्या फेरीत फक्त बाद करायचं. हललेला, डोळे मिटलेला, कोपऱ्यात बोट आलेला. यावर चर्चा नको, चाळणीतून कोंडा काढतो तसं काढायचं. पण पुसून टाकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या फेरीत एकसारखे फोटो शेजारी शेजारी बघायचे. एकाच सुपाचे नऊ फोटो असतील तर दोन बोटांनी मोठं करून बघा, पापडाची कड कुठल्यात स्वच्छ दिसते. तो एक ठेवा, त्यावर हृदयाची खूण करा आणि पुढं चला. या फेरीनंतर आमच्याकडे चाळीसेक उरले.

आता खरी भांडणं! निळ्या ताडपत्रीवर वाळत घातलेल्या पापडांचा एक फोटो सगळ्यांना आवडला होता. सकाळचं ऊन, रांगा कशा सरळ. पण ताडपत्रीचा निळा रंग पापडावर उतरला होता. आम्ही खरा पापड आणून मोबाइलशेजारी धरला, तर तो पांढराशुभ्र आणि फोटोतला निळसर, शिळा वाटावा असा. बाद. तसंच वालाचं. बिरड्याच्या वाटीचा फोटो बघून तोंडाला पाणी सुटतं, पण आपण विकतो कोरडे वाल. पाकीट उघडल्यावर जे दिसणार तेच फोटोत हवं. रंग गडद करणारे फिल्टर तर नकोच. मुंबईची बाई एकदा फसली की परत मागवत नाही, आणि शेजारणीलाही सांगते.

गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. केवढा आहे, पाकिटात किती, कधी केलाय? म्हणून आकार कळावा असा एक फोटो हवाच, तळहातावर किंवा स्टीलच्या ताटलीत ठेवलेल्या पापडाचा. आणि एक लेबलाचा, ज्यात वजन, तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर वाचता येतो. हा फोटो देखणा नसतो, तरी बारांत त्याची जागा पक्की.

गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींचेही फोटो होते. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत मूर्ती बुटकी दिसत होती. गुडघ्यावर बसून, मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत काढलेला निवडला. आखणी झाली नव्हती अशा मूर्तीचा एक फोटो सुंदर होता, पण रंगवणाऱ्या ताई म्हणाल्या, डोळे उघडल्याशिवाय देव बाहेर दाखवू नका. तिथं आम्ही वाद घातला नाही.

माणसांच्या फोटोंचं मात्र वेगळं आहे. 1936 साली अमेरिकेत डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतावरच्या मजुरांच्या तळावर एका आईचे आणि तिच्या लेकरांचे फोटो काढले. त्यांतला एक जगभर गाजला. पण त्या आईचं नाव, फ्लॉरेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं ते 1978 साली. तेव्हा त्या म्हणाल्या, हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. फोटो उत्तमच होता. तो कुणाचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे रोह्याकडच्या एका कातकरी ताईंचे दोन फोटो होते. एकात त्या रानभाजीच्या पाटीशी वाकून बसल्यात, चेहऱ्यावर उन्हाच्या रेघा. बघणारे म्हणाले, हाच घ्या, काळजाला भिडतो. दुसऱ्यात त्या ताजवा हातात धरून उभ्या, जरा हसतायत. आम्ही दोन्ही फोटो त्यांच्या हातात दिले. त्यांनी ताजव्यावर बोट ठेवलं. "वाकलेली मी रोजच असते," म्हणाल्या. ताजवा आला.

आणखी एका वहिनींचा फोटो सगळ्यांत छान आला होता. त्यांनी नको म्हटलं. कारण विचारलं नाही, त्यांचे लाटणारे हात तेवढे घेतले. तुम्हीही प्रत्येकीला फोटो दाखवून, कुठं लावणार ते सांगून, मगच हो म्हणवून घ्या. लेकरांच्या फोटोंना तर आईबापाचा होकार हवाच.

शेवटचं काम छोटं आहे. निवडलेले फोटो फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले तर बारीक होऊन जातात, मोठे छापले की फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा, गटाच्या पेनड्राइव्हवर चालेल. पुढच्या बैठकीला येताना मोबाइल चार्ज करून आणा, आणि मालाचा एक नमुनाही, फोटोशेजारी धरून बघायला.