मांडीवरचे मूल आणि हातातला दोरा



या शाळेत हस्तव्यवसायाचा तास घेणाऱ्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. असे सहसा कोठे आढळत नाही. गणिताच्या, इंग्रजीच्या, संस्कृतच्या शिक्षकांची स्मारके होतात. ज्या तासाला गुणपत्रिकेत केवळ श्रेणी मिळते त्या तासाची होत नाहीत. म्हणून विषय निवडताना मी बाईंच्या तासापासून फार दूर न जाण्याचे ठरविले. घरात लहान मुले असताना, ती सांभाळीत असताना, स्त्रियांनी हातांनी जे घडविले आणि तोंडाने जे रचिले, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

अशा कामाला आपल्याकडे एक ठरलेले विशेषण लावले जाते : 'फावल्या वेळातले'. सत्कारसमारंभात तर ते कौतुकाने उच्चारले जाते. मला हे विशेषण मुळातच खोटे वाटते. ज्या घरात एक मूल पाळण्यात आहे आणि दुसरे रांगते आहे, त्या घरात फावला वेळ नावाची वस्तू नसते. असतात ते वेळेचे तुकडे. दूध उतू जाण्याआधीची पाच मिनिटे, मूल झोपल्यानंतरचा आणि ते केव्हा उठेल याचा भरवसा नसलेला अर्धा तास, पहाटेचा काळोख. या तुकड्यांत मावेल अशी कला स्त्रियांनी शोधून काढली. वेळ उरला म्हणून कला झाली असे नव्हे. वेळ मोडका होता, म्हणून त्या कलेने विशिष्ट रूप घेतले, असे माझे म्हणणे आहे. आणि हे रूप आपण कमी प्रतीचे मानत आलो, ही तक्रारही आहे.

प्रथम ओवीकडे पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेव्हा मराठी ओवीचा हा जुना दाखला कानडी मुलखातल्या दरबारात नोंदला गेला, ही गोष्ट आपण बेळगावकरांनी तरी लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडतात. मणी ओवावेत तशी ती एकामागून एक ओवायची. पण मण्यांच्या माळेचा एक गुण आपण विसरतो. माळ कोणत्याही मण्यापाशी थांबविता येते. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, आणि तेवढ्यातच पुरी. माहेरची आठवण, भावाची वाट, पंढरीची वाट, सासूचा बोल, मुलाचे कौतुक, जे असेल ते दोन ओळींत. मूल रडले, ऊठ आणि त्याला घे. परत ये, खुंटा धर, पुढची ओवी म्हण. मागची अपुरी राहिलेली नसते. महाकाव्याला हे साधत नाही. ज्या स्त्रीच्या मांडीवर डोके टेकून मूल झोपलेले आहे आणि जिचा उजवा हात जात्यात गुंतला आहे, तिने यापेक्षा नेमका रचनाबंध कोणता शोधावा, हे मला कोणी दाखवून द्यावे.

गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून हजारावर गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि जाते कोपऱ्यात गेले, त्या सुमारास हे काम झाले, म्हणून एवढे तरी हाती लागले.

येथे थोडे वैयक्तिक सांगते, कारण त्याचा विषयाशी संबंध आहे. माझा प्रबंध ओव्यांवरचा. तो मी लिहीत होते तेव्हा घरात दोन आणि चार वर्षांची मुले होती. प्रकरणे सलग लिहिणे शक्यच नव्हते. मी पोस्टकार्डाच्या आकाराची कार्डे कापून घेतली आणि एका कार्डावर एक ओवी, एक विचार, असे लिहीत गेले. पुढे विद्यापीठातील एका परीक्षकांनी विवेचन 'तुटक' असल्याचा शेरा मारला. शेरा बरोबर होता, मात्र तो दोष म्हणून मला आजही मान्य नाही.

आता कापडाकडे वळू. गोधडी, वाकळ, आपल्या सीमाभागात कोणी कवदी म्हणते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि धावदोऱ्याने ते बांधीत जायचे. शिवणकामात धावदोरा हा सर्वांत साधा टाका, म्हणून त्याला मान नाही. पण तो घालताना मोजमाप धरावे लागत नाही, नजर उचलली तरी बिघडत नाही, आणि टाका जेथे थांबेल तेथे सुई खोचून उठता येते. भरतकामात, विशेषतः मोजून टाके घेण्याच्या कशिद्यात, हे चालत नाही. तेथे चार घरे चुकली की सगळा मोर वाकडा होतो. म्हणून लेकुरवाळ्या बाईच्या हाती कशिदा कमी आणि गोधडी अधिक दिसते. कशिदा लग्नापूर्वीचा, गोधडी पाळणा हलल्यानंतरची.

बेळगावच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा हा समाज. त्यांच्या घरच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली. सिद्दी स्त्रिया जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. तिचे तंत्र पाहण्यासारखे आहे. ती कडेपासून सुरू होते आणि फेरी घेत घेत आत मध्याकडे येते. जुन्या कपड्यांचे तुकडे टाक्यांबरोबरच जोडले जातात. आधी चित्र काढलेले नसते. हाताशी येईल तो तुकडा पुढे बसतो, आणि रंगांचा तोल मात्र बिनचूक सांभाळलेला असतो. चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली 'फुला' बसविल्याशिवाय कवंदी नागडी वाटते, असे त्या मानतात. ऊब द्यायला त्या घड्यांची काही गरज नाही. गरजेपलीकडचे हे जे चार कोपरे आहेत, तेथे मला कला दिसते. तिला 'उपयुक्त वस्तू' म्हणून गप्प बसणाऱ्यांनी त्या कोपऱ्यांचे काय करायचे ते सांगावे.

बाळंतविड्याचा केवळ उल्लेख करते : कुंची, टोपडे, झबली, दुपटी, पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या. हे सगळे आजही बाजारात मिळते, आणि मिळते म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट मात्र अजून पुष्कळांच्या घरात टिकून आहे. पोळ्या लाटताना पायांत घोटाळणाऱ्या मुलाला आई कणकेची गोळी देते. ते तिची चिमणी करते. चिमणी तव्यावर भाजली जाते. या कणकेवरून मला एका परदेशी शिल्पकर्तीची आठवण होते, आणि ओवीविषयी मी जे म्हणते आहे ते केवळ आपल्या घरांपुरते नाही हेही तिच्यामुळे स्पष्ट होते.

रूथ असावा ही जपानी वंशाची अमेरिकन स्त्री १९२६ साली कॅलिफोर्नियातील एका शेतकरी कुटुंबात जन्मली. महायुद्धात, १९४२ मध्ये, तेथील जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांत हीही होती. पुढे तिने कलाशिक्षण घेतले, आणि १९४७ मध्ये मेक्सिकोतील टोलुका येथे तारेच्या टोपल्या विणण्याची रीत पाहिली. तारेचा एक फास दुसऱ्यात अडकवीत जायचे, एवढेच तंत्र. त्यातून तिने छतापासून लोंबणारी, एकात एक गुंतलेली, आरपार दिसणारी शिल्पे घडविली. तिला सहा मुले होती. मुले भोवती खेळत असताना ती जमिनीवर बसून तार विणीत असे. भट्टी नको, ओतकाम नको, वेगळी शिल्पशाळा नको. फास जेथे थांबला तेथे तार ठेवून उठता येते. आपला धावदोराच तो, तारेचा. १९५०च्या दशकात काही समीक्षकांनी या कामाला सजावटीत, हस्तकलेत, गृहिणीच्या उद्योगात जमा केले. 'फावला वेळ' तेथेही होता म्हणायचा!

मुलांना खेळायला ती मैदा, मीठ आणि पाणी यांची कणीक देई. त्याच कणकेतून पुढे सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका कारंज्याचे शिल्प झाले. शाळकरी मुले, स्नेही, घरची माणसे यांनी शहरातली घरे, रस्ते, माणसे कणकेत घडविली आणि मग ती कांशात ओतली गेली. १९७३ मध्ये ते कारंजे उभे राहिले. त्याआधीच, १९६८ मध्ये, आपल्या मुलांच्या सरकारी शाळेत तिने पालक आणि कलावंत यांच्या मदतीने कलेची कार्यशाळा सुरू केली होती. साहित्य म्हणजे दुधाची रिकामी खोकी, कणीक आणि टाकाऊ वस्तू. २०१३ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या नावाची शाळा त्या शहरात होती. रूथ असावाला मुलांमुळे कला सोडावी लागली नाही. परंतु तिच्या हाती योग्य तंत्र होते आणि तिच्या कामाची कदर करणारा, स्वतः वास्तुरचनाकार असलेला नवरा घरात होता, हे सांगितल्यावाचून तिचे उदाहरण देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कारण या सगळ्याची एक किंमत आहे, आणि गौरवपर भाषणांत ती लपविली जाते. मोडक्या वेळेत ओवी होते, गोधडी होते. कादंबरी सहसा होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आली, म्हणजे त्यांच्या अगदी अखेरच्या वर्षांत. एवढे सलग, एवढे जिवंत गद्य लिहिणारी लेखणी त्यांच्या संसाराच्या भर दिवसांत काय लिहू शकली असती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ज्यांना उतारवय लाभलेच नाही, त्यांचे काय?

दुसरी किंमत अधिक बोचरी आहे. आईचे हात मोकळे व्हायचे, कारण मूल कोणाच्या तरी कडेवर असे. आजी, आत्या हे झालेच. पण पुष्कळदा ती कड थोरल्या मुलीची असे. 'धाकट्याला सांभाळायला' हे मुलींनी शाळा सोडण्याचे कारण आपल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे ऐकले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे नेमके ओळखले. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकटे पाळणाघरात राहिले म्हणजे थोरलीला वर्गात बसता येते. शिकविण्याची साधनेही त्यांनी बिया, शंख, शिंपले, पाने यांचीच केली. माझ्या मते कलेच्या इतिहासात पाळणाघराला रंग आणि कुंचला यांच्याइतकेच स्थान असावयास हवे.

तिसरी गोष्ट नावाची. बहिणाबाई चौधरी वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात तीन मुले, घरचे आणि शेतीचे काम, अक्षरओळख नाही. त्यांनी जी गाणी रचिली ती सोपानदेव आणि एक नातलग यांनी टिपून ठेवली म्हणून राहिली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांचा सुगरणीच्या खोप्यावरचा ठाव घेणारा शब्द सर्वांना पाठ आहे. पक्षिशास्त्र असे सांगते की, खोपा विणतो तो नर. मादी तो पारखून घेते आणि आतून मऊ अस्तर लावते. बहिणाबाईंनी सगळे विणकाम मादीच्या पदरात टाकले. पक्ष्यांविषयी त्यांचे निरीक्षण अपुरे असेल, घरांविषयीचे नव्हते.

टिपून घेणारा मुलगा त्यांना लाभला. ज्यांना लाभला नाही त्यांच्या गोधड्या फाटून पायपुसणी झाल्या आणि ओव्या वाऱ्यावर गेल्या. म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे मी एक अगदी लहान सूचना ठेवते. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात केवळ विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू मांडू नका. प्रत्येकाने घरातील एक जुनी वस्तू आणावी, मग ती गोधडी असो, दुपटे, चिंधीची बाहुली वा क्रोशाचे तोरण, आणि तिच्याबरोबर एक कार्ड लिहावे. केली कोणी, तिचे पूर्ण नाव, 'आमच्या आजीने' असे नव्हे. साल कोणते. तेव्हा घरात मुले किती आणि केवढी होती. मूल कोण धरीत असे. ती हयात असेल तर तिलाच विचारावे, आणि ती 'त्यात काय सांगायचे' म्हणेल तेव्हा उठून जाऊ नये.

शाळेलाही एक विनंती आहे. हस्तव्यवसायाचा तास दहावीच्या तयारीसाठी काढून घेऊ नये, आणि त्या तासाला मुलग्यांनाही सुईत दोरा ओवायला शिकवावे. पुढे त्यांच्याही घरात मूल रांगेल.

कार्डे पोस्टकार्डाच्या आकाराची घ्यावीत. ती टिकतात, माझी अजून आहेत.