रतीब आणि जत्रा

हैदराबादेतील जामबाग हे नाव निघाले की मराठी माणसाला विवेकवर्धिनी शाळा आठवते आणि इतरांना फुलबाजार. फुलवाल्याचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक रोजच्या पूजेची फुलपुडी घेणारे, दुसरे जत्रेच्या गर्दीत हार उचलणारे. मोबाइलवरील अ‍ॅपांच्या व्यापारातही हाच भेद आढळतो.

खेळ ही जत्रा होय. 2012 साली निघालेला ‘कँडी क्रश सागा’ फुकट खेळता येतो. बहुतेक खेळाडू एक पैही देत नाहीत. परंतु हरल्यावर आणखी एक संधी मिळावी म्हणून थोडे लोक पुनःपुन्हा पैसे मोजतात, आणि त्यांच्यावर सारा डोलारा उभा राहतो. जुने खेळाडू कंटाळतात, म्हणून नवे आणण्यासाठी जाहिरातींवर सतत खर्च करावा लागतो. खेळांत पैसे लावण्याचे प्रकार तर इतके बोकाळले की 2025 साली संसदेला त्यांवर कायद्याने बंदी घालावी लागली.

कामाच्या अ‍ॅपचे तसे नाही. हैदराबादेतच 2008 साली सुरू झालेल्या ‘अभिबस’कडे प्रवासी वळतो तो तिकिटापुरता, काम झाले की निघून जातो. अशा अ‍ॅपची कीर्ती एकाने दुसऱ्यास सांगितल्याने पसरते. त्याचे उत्पन्न मुख्यतः व्यवहारामागील थोड्या दलालीतून किंवा दरमहाच्या वर्गणीतून, म्हणजे रतिबातून येते. वर्गणीदार वर्षभर टिकला तर त्यानंतर आपला वाटा 30 ऐवजी 15 टक्केच घ्यावा, असे अ‍ॅपल कंपनीने 2016 साली ठरविले. टिकाऊ गिऱ्हाइकाचे मोल यावरून ध्यानात येते.

मात्र रतिबातही खोट शिरते. वर्गणी सुरू करणे एका बोटाचे काम. बंद करण्याची वाट काही सापडत नाही! 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत हा वर्गणीचा सापळाही आहे.

परगावी जाणारे कुटुंब ‘आठ दिवस फुले नकोत’ असे सांगते, तेव्हा फुलवाला निमूटपणे पुडी थांबवतो. म्हणूनच नवव्या दिवशी ती पुन्हा दाराशी येते. अ‍ॅप चालविणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.