डिंकाचा लाडू आणि सव्वा महिना



कामगार चळवळीतला माणूस डिंकावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी वैद्य नव्हे. शाळाही थोडीच पाहिली. जे शिकलो ते उसाच्या फडावरच्या बायामाणसांकडून आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून. पण आपले धारूर बालाघाटच्या डोंगरात वसले आहे, आणि बाभळीच्या खोडावरचा डिंक काढून तोंडात टाकला नाही असा पोर इकडे विरळा. तेव्हा ह्या विषयावर आपणा सर्वांचा हक्क आहे.

आधी एक भेद ध्यानात घ्यावा. झाडातून जो चिकट रस पाझरून वाळतो, त्या सगळ्याला आपण सरसकट डिंक म्हणतो; पण तो सगळा एक नव्हे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. सालवृक्षाची राळ पाण्यात तशीच खडा होऊन पडून राहते. तेलात तापवली म्हणजे ती विरते. हिंग आणि गुग्गुळ यांत दोन्ही अंश असतात. म्हणून घरापुरता साधा नियम असा, की खायचा तो पाण्यात विरघळणारा डिंक. राळ बाहेरून लावायची.

कोरडा खोकला झाला असता बाभळीच्या डिंकाचा खडा मोठ्या माणसाने चघळला, तर घशाला बुळबुळीत लेप बसतो व खवखव कमी होते. खोकला मात्र मुळापासून जात नाही. तो दोन आठवड्यांवर राहिला तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्यावी. तिळाच्या तेलात राळ विरवून केलेले मलम टाचांच्या भेगांना लावतात, कारण ते कातड्यावर टिकते आणि ओल धरून ठेवते. भाजलेल्या किंवा चिघळलेल्या जागी ते लावू नये. गुग्गुळाचे प्रयोग तर घरी मुळीच करू नयेत. रक्तातली चरबी त्याने उतरते म्हणतात. पण २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती उतरली नाही, आणि काहींच्या अंगावर पुरळ मात्र उठले. गरोदर बाईने तर तो टाळावाच.

आता लाडवाकडे येऊ. डिंक निवडून, सालीचे तुकडे काढून, उन्हात चांगला वाळवावा. तूप बेताचे तापवून त्यात थोडाथोडा सोडावा. लाहीसारखा फुलला पाहिजे. आच मोठी झाली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. मग खारीक, खोबरे, खसखस आणि गूळ. बाळंतिणीची कंबर डिंकाने सांधली जाते, अशी आपली समजूत आहे. पण डिंक पोटातून कमरेत जाऊन चिकटत नाही. तो आतड्यात ओल धरतो, शौचाला साफ करतो. अंगात ताकद येते ती मुख्यतः तूप, गूळ, खारीक, खोबरे यांनी. आणि बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून निखाऱ्यावर ऊद-धुपाची धुरी देतात, ती बंद करावी. कोंडलेला धूर बाळाच्या छातीला वाईट, आणि निखाऱ्याच्या वायूने तर जीवही जातो.

मग जुन्या बायांना गुण येत असे तो कशाने? लाडवाबरोबर सव्वा महिना विसावा असे, त्याने. आई किंवा सासू पाणी भरी, सून बाजेवर असे. औषधाचा अर्धा भाग डब्यात होता आणि अर्धा बाजेवर होता. आपण डबा तेवढा लक्षात ठेवला.

ह्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून माणसे ऊस तोडायला जातात. घरोघरी डिंकाचे लाडू वळण्याचे थंडीचे दिवस तेच. नवराबायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर चढलेली. बाई कोपीत बाळंत झाली तर कामाचा खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून ओल्या अंगाची बाई डोक्यावर मोळी घेते. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली आढळली. एवढ्या बायांना नुसत्या रोगाने गाठले असे मला वाटत नाही. पाळी आणि दुखणे दोन्ही खाड्यात धरणाऱ्या हिशेबाचा त्यात हात आहे.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली ती रजा २६ आठवड्यांची झाली. पण उसातल्या बाईचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते, तेही नवऱ्याच्या नावाआड. रजा मागायची कोणाकडे?

ह्या सभेत मुकादमांचे नातलग असतील, उचलीचे कागद लिहिणारे असतील, शिक्षक आणि दुकानदार असतील. आपणा सर्वांना माझी विनंती आहे. येत्या दसऱ्याला उचल ठरेल तेव्हा कागदावर बाईचे नाव वेगळे लिहा, आणि बाळंतिणीचा सव्वा महिना खाड्यात धरणार नाही, एवढी ओळ त्याखाली घाला. त्या दिवसांची भरपाई कारखान्याने आणि सरकारच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने करावी, ह्यासाठी भांडणे हे आमचे काम. ते आम्ही करू. पण गावाने ती ओळ मान्य केली, तर आमच्या बोलण्याला वजन येईल.

लाडू जरूर करा, पोरीसोबत डबा जरूर द्या. त्याबरोबर तिला दिवसही द्या. डिंक झाडावर फुकट मिळतो. विसावा मात्र मागून, भांडून मिळवावा लागतो.