हेल्सिंकी ते टोकियो : अंतर तेंच, वेळ निराळी

फिनलंडमधील हेल्सिंकी आणि जपानमधील टोकियो यांच्या विमानतळांमधील अंतर किती, या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. तें सुमारें 7,800 किलोमीटर भरतें. परंतु हा प्रवास किती तासांचा, असें कोणी विचारल्यास मात्र आधीं साल कोणतें तें सांगावें लागेल.

सपाट नकाशावर या दोन नगरांना जोडणारी रेघ ओढली, तर ती कझाकस्तान व मंगोलिया यांवरून जाते. ही रेघ फसवी आहे. श्रोत्यांनीं पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो ईशान्येस चढत आर्क्टिक वृत्ताला शिवतो आणि मग सायबेरिया तिरपा ओलांडून जपानकडे उतरतो. खरी जवळची वाट ती. पण ती जवळजवळ सारी एकाच देशाच्या आकाशांतून जाते, आणि आकाशालाहि धनी असतो!

महायुद्धानंतर सोव्हिएट संघानें हें आकाश परक्यांस बंद ठेविलें होतें. म्हणून 1957 सालीं स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सनें कोपनहेगनहून टोकियोस जाण्यासाठीं उत्तर ध्रुवाकडील वाट धरली व अलास्कांतील अँकरेज येथें थांबा ठेविला. त्या प्रदेशांत होकायंत्राचा भरंवसा धरतां येत नाहीं. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यानें सुई भरकटते. शिवाय ध्रुवापाशीं सारीं रेखावृत्तें एकवटत असल्यानें क्षणोक्षणीं दिशेचें नांव बदलतें. वैमानिकांनीं त्यासाठीं भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें दिशादर्शक यंत्र आणि सरळ चौकटी आंखलेले निराळे नकाशे वापरले. 1983 च्या एप्रिलांत फिनएअर कंपनीनें ध्रुवावरूनच हेल्सिंकी-टोकियो प्रवास कोठेंहि न थांबतां सुरू केला. त्यास सुमारें तेरा तास लागत.

पुढें सायबेरियाचें आकाश खुलें झालें आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. युरोपांतून पूर्वेकडे जाण्याचें जवळचें द्वार म्हणून हेल्सिंकीची ख्याति झाली. फिनएअरचा सारा व्यापार या एका भौगोलिक लाभावर उभा राहिला.

युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय देशांनीं रशियाच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें, आणि 28 फेब्रुवारी 2022 रोजीं रशियानेंहि फिनलंडसह छत्तीस देशांच्या विमानांस मनाई केली. कांहीं दिवसांनीं, 9 मार्चला, टोकियोचीं विमानें पुन्हां निघालीं; पण तीं ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून. लागणारा वेळ पुन्हां तेरा तास! चाळीस वर्षांत विमानांत केवढी सुधारणा झाली, परंतु घड्याळ 1983 वरच येऊन ठेपलें.

दोन वाटांपैकीं निवड बहुधा वारा करतो. दक्षिणेकडून जपानला जातांना पश्चिमेचे वारे पाठीशीं असतात. परततांना तेच तोंडावर येतात, म्हणून परतीला ध्रुवाची वाट सोयीची पडते. त्या वाटेनें येणाऱ्या प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचें प्रशस्तिपत्र देण्याची हौसहि कंपनीनें केली. मालाला मात्र अशा कौतुकाचा उपयोग नाहीं. जास्त तासांसाठीं जास्त इंधन भरावें लागतें, आणि त्या वजनापुरता माल खालीं ठेवावा लागतो. टोकियोच्या बाजाराकडे ताजा निघणारा नॉर्वेचा सामन मासा याच विमानांच्या पोटांतून जात असे.